भिंतीतलं फडताळ

मागच्या अंकात फोनमधले फोटो कसे सांभाळावेत यावर लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच वाचकांनी उलट एक प्रश्न विचारला. "फोटो सांभाळू हो, पण जागा कुठे आहे? कंपनीने आधीच इतकी ॲप भरून दिली आहेत, ती आधी काढता येतील का ते सांगा." एका वहिनींनी कॉम्प्युटरबद्दलही तेच विचारलं आहे. विंडोजच्या आत जे जे नको असलेलं येतं, ते खरवडून काढलं तर जुनं मशीन पळायला लागेल का, असं त्यांचं म्हणणं.

काढता येतं का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बरंचसं येतं. काढण्यात राम आहे का, हा खरा प्रश्न. त्याचा जमाखर्च मांडावा म्हणून हा लेख.

आपल्या आदिलाबादेत हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ नावाचं ॲप आणलं. आधार, जमिनीचा तपशील, पिकाची नोंद आणि मग कापूस आणण्याचा दिवस ठरवून घेणं, हे सगळं त्यात आलं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. बाहेरचा भाव हजाराने कमी धरला, तर चाळीस क्विंटलवाल्याचे चाळीस हजार रुपये हातातल्या फोनवर अवलंबून. आणि बेला, जैनथ, तांसी, भीमपूरकडच्या किती घरांत नवा कोरा फोन असतो? मुलगा हैदराबादला किंवा नागपूरला शिकायला गेला की नवा फोन त्याच्याकडे जातो आणि जुना बापाच्या खिशात येतो. त्याची साठवण ३२ जीबी, आणि ती काठोकाठ भरलेली.

आमचे बेल्याचे मामा असाच फोन घेऊन आले होते. ॲप उतरवायला घेतलं की फोन म्हणे, जागा अपुरी आहे. मामांनी चिडून मला पडदा दाखवला. "मी तं याच्यात काही टाकलं नाही रे बाप्पा. पैसे मी देल्ले, अन् घर आधीच त्याहीच्या सामानानं भरलेलं!"

मामांचं वाक्य मला फार पटलं. पैसे आपले, घर आपलं, आणि सामान दुसऱ्याचं. त्यांच्या फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं एक ॲपचं दुकान होतं, गूगलचं वेगळं. दोन ब्राउझर, दोन फोटो दाखवणारे, दोन गाणी वाजवणारे. तीन खेळ. एक बातम्यांचं. आणि पडद्याचं कुलूप उघडायच्या आधीच जाहिरात दाखवणारं एक. माझा भाचा लॅपटॉप आणि वायर घेऊन तयारच होता. "मामा, सगळं साफ करून देतो." मी म्हटलं, थांब, आधी हिशेब करू.

आता थोडं समजून घेऊ की हे सामान आत कुठे ठेवलेलं असतं.

जुन्या वाड्यांत भिंतीतच फडताळ असायचं, आठवतं? बांधतानाच भिंतीच्या जाडीत पोकळी ठेवायची आणि तिला लाकडी दारं लावायची. खोलीत नंतर आणलेलं कपाट, पेटी, खाट वेगळी. अँड्रॉइड फोनमध्ये अगदी अशीच रचना असते. साठवणीचा एक भाग कारखान्यातच बांधून टाकलेला असतो. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यासोबतची ॲप बसवलेली असतात. वापरणाऱ्याला तो भाग वाचता येतो, त्यात फेरफार करता येत नाही. हे भिंतीतलं फडताळ. उरलेली जागा म्हणजे खोली. तुमचे फोटो, व्हॉट्सॲप, नंतर घेतलेली ॲप, सगळं खोलीत.

आता गंमत बघा. फडताळातली वस्तू काढून फेकली, तरी खोली एका इंचानेही मोठी होत नाही. फडताळ रिकामं होईल एवढंच. तीही वस्तू खरंतर फेकली जात नाही. भाचा ज्या पद्धतीबद्दल बोलत होता, ती अशी: फोनमधले ‘डेव्हलपर पर्याय’ उघडायचे, वायरने फोन कॉम्प्युटरला जोडायचा आणि आदेश देऊन ॲप ‘या वापरकर्त्यापुरतं’ काढून टाकायचं. शब्द नीट वाचा, या वापरकर्त्यापुरतं. मूळ प्रत भिंतीत तशीच राहते, फक्त तुमच्या नावावरून ती उतरवली जाते. फोन कारखान्यातल्यासारखा कोरा केला, की सगळी मंडळी पुन्हा हजर.

मग काहीच फायदा नाही का? तसंही नाही. आत बसवलेल्या ॲपची नवी आवृत्ती येते, ती भिंतीत मावत नाही, ती खोलीत ठेवली जाते. ॲप वापरताना गोळा झालेली माहितीही खोलीतच साठते. म्हणजे एकाच ॲपचा जुना अवतार भिंतीत, नवा अवतार खोलीत. ॲप बंद केलं, तर हा खोलीतला पसारा आपला आपल्याला परत मिळतो. शिवाय ते पाठीमागे गुपचूप चालत असेल, तर तेही थांबतं.

आणि हे करायला वायर लागत नाही, लॅपटॉप लागत नाही. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘ॲपची माहिती’ उघडा. तिथे ‘अनइंस्टॉल’ दिसलं तर ते सरळ निघतं. कंपनीने घातलेले खेळ आणि खरेदीची ॲप बहुतेक वेळा अशीच निघतात, कारण ती फडताळात नसून खोलीतच आणून ठेवलेली असतात. ‘अनइंस्टॉल’ ऐवजी ‘डिसेबल’ दिसलं, तर ते भिंतीतलं. डिसेबल केलं की ते झोपतं. दिसत नाही, चालत नाही. पुन्हा हवं असेल तर तिथूनच जागं करता येतं.

मामांच्या फोनवर आम्ही हेच केलं. तीन खेळ आणि खरेदीचं एक ॲप काढलं. जास्तीचा ब्राउझर, जास्तीचं दुकान, बातम्या, गाणी, सिनेमे झोपवले. पाऊण तास गेला, आणि जागा मिळाली जेमतेम एक जीबी. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन साठवण बघितली. नऊ जीबी! कोण्या गटावर रोज सकाळी येणारी फुलं, देवांचे फोटो, आणि एकच व्हिडिओ सात गटांवरून सात वेळा. मामांच्या देखत, विचारून विचारून, लग्नाचे आणि नातवाचे फोटो बाजूला ठेवून बाकीचं काढलं. दहा मिनिटांत सहा जीबी मोकळे झाले. ‘कपास किसान’ उतरलं, ओटीपी आला, नोंद झाली.

पहिला निष्कर्ष यातूनच निघतो. जागेसाठी म्हणून आत बसवलेली ॲप खरवडत बसण्यात फारसा राम नाही. जागा आपण स्वतःच भरलेली असते आणि ती आपल्याच पसाऱ्यातून सुटते.

मग कशासाठी काढावं? शांततेसाठी. हे मी ठामपणे सांगेन. पडद्याच्या कुलपावर येणारी जाहिरात, "तुमचा फोन स्लो झाला आहे, इथे दाबा" म्हणून घाबरवणारी सूचना, न विचारता नवे खेळ सुचवणारं दुकान, हे वयस्कर माणसांच्या घरात नुसतं उपद्रवी नाही, धोक्याचं आहे. आमच्या आत्याबाईंना दिसतं कमी. फोन उचलायला म्हणून त्या बोट फिरवायच्या आणि जाहिरात उघडायची. पुढे कुठे कर्जाचा फॉर्म, कुठे बक्षिसाचं आमिष. ज्या माणसाला कुठलं बटण फोनचं आणि कुठलं जाहिरातीचं हे ओळखू येत नाही, त्याच्या फोनवरून जाहिरातीचं बटणच नाहीसं करणं हे घरातल्या तरुणांचं कर्तव्य आहे. त्यासाठी दिलेला अर्धा तास वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

पण नको त्या ठिकाणी हात घातला, तर काय होतं तेही सांगायला हवं.

आत बसवलेल्यांपैकी काही ॲप भाडेकरू असतात, काही खांब असतात. नावावरून ते कळत नाही. ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ हे नाव घ्या. चिन्ह नाही, उघडता येत नाही, आपण कधी वापरत नाही. काढायला काय हरकत? पण दुसरी ॲप स्वतःच्या चौकटीत वेबसाइटचं पान दाखवतात, तेव्हा ते काम हाच घटक करतो. मार्च २०२१ मध्ये याच्या एका नव्या आवृत्तीत दोष निघाला आणि जगभरच्या फोनांवर जीमेलसकट कितीतरी ॲप उघडल्या उघडल्या बंद पडू लागली. लोक जीमेलला दोष देत होते आणि दुखणं होतं वेबव्ह्यूचं. ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ची गोष्टही तशीच. बॅटरी खातं म्हणून काहीजण ते बंद करायला निघतात. सूचना, ठिकाण, खात्याची ओळख, अशी कित्येक ॲपची कामं त्याच्या खांद्यावर असतात. ते बंद झालं की बँकेचं, पैसे पाठवण्याचं, नकाशाचं, एकेक रुसून बसतं.

कीबोर्डचंही लक्षात ठेवा. फोनमध्ये दोन कीबोर्ड दिसतात म्हणून एक काढला आणि नेमका राहिलेला नीट बसलेला नसला, तर फोन पुन्हा चालू केल्यावर पासवर्ड लिहायला काहीच उरत नाही. आणि ‘स्पीच सर्व्हिसेस’ हे नाव परकं वाटतं म्हणून काढू नका. बोलून मराठी लिहिणं, आणि कमी दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणं, ही कामं अनेक फोनांवर त्याच्याच आधाराने होतात. आत्याबाई आता मुलीला संदेश बोलून पाठवतात. कुणी हौशी पोराने साफसफाईच्या नादात तेवढं एक काढलं, तर जागा मिळेल थोडी आणि आत्याबाईंची वाचा जाईल.

वायर लावून खोलवर काढण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच म्हणेन: ज्याला काढलेलं परत बसवता येतं, त्यानेच काढावं. परत बसवण्याचा आदेशही असतो. तो आधी कागदावर लिहून मग कामाला लागावं. काम झालं की डेव्हलपर पर्याय आणि वायरवरून आदेश घेण्याची परवानगी बंद करावी, कारण ती चालू असली तर बँकांची काही ॲप चालायला नकार देतात. ‘रूट’ करणं, म्हणजे भिंतच फोडून फडताळ उचकटणं, ते तर घरच्या वापरातल्या फोनवर करूच नये. त्या फोनवर बँक भरवसा ठेवत नाही, आणि आपणही ठेवू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘डिसेबल’ करताना फोन विचारतो, अपडेट काढून मूळ आवृत्ती ठेवू का? ॲप झोपवणारच असाल तर हो म्हणा. पण अपडेट काढून ॲप चालूच ठेवलं, तर दोन-तीन वर्षांपूर्वीची, माहीत असलेल्या भोकांसकटची आवृत्ती तुम्ही वापरायला काढलीत. ते जागा वाचवण्याच्या सगळ्या उपायांतलं सर्वांत वाईट.

आता वहिनींच्या कॉम्प्युटरकडे वळू. हा वाद फोनपेक्षा जुना आहे आणि एकदा तर थेट अमेरिकेच्या न्यायालयात गाजला आहे. १९९८ मध्ये विंडोज ९८ आलं, त्यात इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर पार विणून टाकलेला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. ब्राउझर हा विंडोजचा अविभाज्य भाग आहे, तो काढताच येणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. प्रिन्स्टन विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी ब्राउझर काढून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सरकारच्या बाजूने साक्ष दिली. त्याने विंडोज बिघडतं हे दाखवायला कंपनीने न्यायालयात व्हिडिओ लावला. उलटतपासणीत त्या व्हिडिओतल्याच विसंगती बाहेर आल्या.

पण फेल्टन यांनी नेमकं काय केलं होतं? ब्राउझर म्हणून वापरण्याची वाट त्यांनी बंद केली. त्यामागच्या बऱ्याचशा फायली जागच्या जागी राहिल्या, कारण विंडोजचे दुसरे भाग त्याच फायलींवर उभे होते. भिंतीतलं फडताळ पुन्हा तेच! अशा खटाटोपासाठी त्या काळी ‘९८लाइट’ नावाचं एक साधनही निघालं होतं. ते विंडोज ९८ मधला खिडक्या-फोल्डर दाखवणारा भाग काढून त्या जागी विंडोज ९५ चा हलका भाग बसवायचं. तेव्हाच्या यंत्रांची ताकद इतकी कमी होती, की त्याने खरोखर फरक पडायचा. हौशी माणसं ते करायची आणि त्यांना ते शोभायचं.

पुढे युरोपातही प्रकरण झालं. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि गाणी-व्हिडिओ वाजवणारा मीडिया प्लेअर काढलेलं विंडोज बाजारात आणायला लावलं. ते आलंही, ‘एन’ आवृत्ती म्हणून. किंमत मात्र प्लेअर असलेल्या विंडोजइतकीच. त्याच पैशात एक वस्तू कमी कोण घेणार? मोठ्या संगणक कंपन्या त्याच्या वाटेला गेल्या नाहीत आणि लोकांनीही ते फारसं घेतलं नाही. काढलेलं विकत घ्यायला कुणी जात नाही, हा त्यातला धडा.

आजच्या विंडोजमधून स्टार्टवर दिसणारे खेळ, हवामान, बातम्या, असलं बरंच काही उजवं बटण दाबून निघतं. उरलेलं पॉवरशेल नावाच्या काळ्या-निळ्या खिडकीतून आदेश देऊन काढता येतं. मोठं अपडेट आलं की त्यातलं काही पुन्हा येऊन बसतं. युरोपच्या नव्या कायद्यामुळे २०२४ पासून तिकडच्या लोकांना एज ब्राउझरही सरळ काढता येतो. आपल्याकडे तीच विंडोज ती सोय देत नाही. म्हणजे अडचण तंत्राची नाही हे उघडच आहे.

पण वहिनी, तुमचं मशीन यामुळे पळणार नाही. झोपलेलं ॲप डिस्कवर पडून असतं, ते वेग खात नाही. वेग खातात ती चालू होतानाच उठून बसणारी ॲप. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ यादीत जाऊन ती बंद करा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवून घ्या. जे शंभर आदेशांनी होणार नाही ते त्या एका बदलाने होईल. इंटरनेटवर ‘एका क्लिकमध्ये विंडोज हलकं करा’ म्हणणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात. त्यातल्या कित्येक अपडेट आणि विषाणूरोधक असे सुरक्षेचेच भाग बंद करतात. म्हणजे घर हलकं करायला कडी-कोयंडा काढून ठेवला. अनोळखी माणसाने लिहिलेला आदेश, तोही सर्वाधिकार देऊन, घरच्या कॉम्प्युटरवर चालवू नका. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे जुन्या मशीनच्या मालकाने खरा विचार त्याचा करायला हवा: विंडोज ११ चालेल का, की लिनक्स बसवून घ्यावं. खरवडण्यात वेळ घालवण्यापेक्षा तो विचार मोलाचा.

आणि आता एक गोष्ट, जी आपल्या मंडळाच्या वाचकांशिवाय दुसऱ्या कुणाला तितकीशी जाणवणार नाही.

विंडोज एक्सपीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल. तेव्हा मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिपींचा आधार वेगळा निवडावा लागायचा, आणि मशीन विंडोजची सीडी मागायचं. सीडी बहुतेकांकडे नसायची. मग मराठी मजकुराच्या जागी चौकोनच चौकोन. आज कुणालाही सीडी शोधावी लागत नाही. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ नावाचा फॉन्ट आतच येतो, आणि देवनागरी व तेलुगू, दोन्ही त्या एकात सामावल्या आहेत. आदिलाबादच्या मराठी घराला याहून सोयीचा फॉन्ट कोणता? मुलाचं तेलुगू पुस्तक आणि आजीचं मराठी पत्र, एकाच फॉन्टमधून पडद्यावर येतात. आणि अमेरिकेतल्या एखाद्या माणसाच्या ‘नको असलेल्या फायलींच्या’ यादीत हा फॉन्ट सहज असू शकतो. त्याला तो अडगळच. त्याची यादी आपण डोळे मिटून चालवली, तर आपली भाषाच पुन्हा चौकोन होऊन बसेल.

आपल्याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावाच्या नावाची गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपींच्या जागतिक यादीत, दाखल झाली. यादीत येणं वेगळं आणि प्रत्येक फोनमध्ये आतून असणं वेगळं. जे आत नसतं ते मागून, शोधून, शिकून घालावं लागतं, आणि बहुतेक माणसं तेवढा खटाटोप करत नाहीत. अल्पसंख्य भाषेला ‘आत असण्याचं’ मोल विचारा. १९५६ मध्ये किनवट, राजुरा तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. तेव्हापासून शाळेत, कचेरीत, पाटीवर मराठी ‘आतून येणारी’ राहिली नाही, प्रत्येक पिढीने ती बाहेरून घालून घेतली. फोन उघडल्यावर मराठी आयती मिळते, याचं आपल्याला इतरांपेक्षा जास्त अप्रूप असावं.

म्हणून आत काय असावं आणि काय काढावं, हे ठरवणारा कोण, हा मला या सगळ्यातला मुख्य मुद्दा वाटतो. आदिलाबादेत ‘सीसीआय’ म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना नव्वदीच्या दशकात बंद पडलेला सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना आठवतो आणि शेतकऱ्यांना कापूस महामंडळ. दिल्लीत आणखी एक सीसीआय आहे, भारतीय स्पर्धा आयोग. त्या आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच बसवलेली आपली ॲप काढून टाकण्यापासून गूगलने वापरणाऱ्याला रोखू नये, असाही एक आदेश त्यात होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. ॲप डिसेबल करता येतंच, मग काढण्याची सक्ती कशाला, असं त्यामागचं कारण. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

व्यवहाराच्या बाजूने बघितलं तर न्यायाधिकरणाचं म्हणणं आणि माझा पाऊण तासाचा अनुभव जुळतात, डिसेबलने काम भागतं. पण हक्काच्या बाजूने मला ते अपुरं वाटतं. घर माझं असेल तर वस्तू झोपवण्याची परवानगी आणि ती बाहेर काढण्याचा अधिकार यांत फरक आहे, मी तो अधिकार रोज वापरत नसलो तरी. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालण्याचा आदेश काढला, तेव्हा देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. हरवलेला फोन बंद करायला ते ॲप चांगलं आहे, मी स्वतः ते अनेकांना घालून दिलं आहे. लोकांचा आक्षेप न विचारता घालण्याला होता, आणि मला तो रास्त वाटतो. चांगली वस्तूसुद्धा विचारून ठेवावी.

तेव्हा वाचकहो, या रविवारी घरातल्या वयस्कर माणसाचा फोन हातात घ्या, त्यांच्या शेजारी बसून. आधी फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. मग व्हॉट्सॲपची साठवण मोकळी करा. कुठल्या सूचनांचा त्रास होतो ते त्यांना विचारा आणि तेवढीच ॲप काढा किंवा झोपवा. जे काय आहे ते ओळखू येत नाही, त्याला हात लावू नका. काय काय बंद केलं ते एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा, म्हणजे उद्या काही अडलं तर दुसऱ्या कुणालाही ते जागं करता येईल. आणि नव्या हंगामात जी सरकारी ॲप लागतील, त्यांच्यासाठी दोन जीबी मोकळे ठेवूनच उठा.

पुढच्या महिन्यात ओटीपीबद्दल लिहिणार आहे. ओटीपी कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, यावर घराघरांत झालेले वाद जरूर कळवा.